कच्चा दोरा

नाही नाही, त्या सीटवर नका बसू — तिथे नको साहेब, हे स्टूल घ्या. हां. डुगडुगतं जरा, पण तीस वर्षांत कुणाला पाडलं नाही त्यानं. ती सीट गिऱ्हाइकाची नाही, विकाऊही नाही, ठेवलीय म्हणून ठेवलीय. तर काय म्हणत होतात — पुढच्या दोन्ही सीट, काळं रेग्झिन, लाल काठ, आणि सगळीकडून बंद. दाराच्या बाजूला लोक जी फट ठेवतात ती नको, गबाळी दिसते. आणि तो 'एअरबॅग' लिहिलेला बोटभर टॅग लोंबतो, तोही आत दाबायचा. बरोबर ना? बरोबर. मग नाही शिवणार मी. — अहो, चेष्टा नाही करत. नको म्हणजे नको. मागच्या सीट देतो, छताचं कापड देतो, स्टिअरिंगला हवी तर खोळ देतो, पण पुढच्या सीटला तशी बंद खोळ या मशीनवर निघणार नाही. तुम्ही नाव ऐकून आलात, ठाऊक आहे मला, त्या पंक्चरवाल्यानं पाठवलं असणार — 'लोखंडी टाका' कुठे बसतो विचारत आला असाल. मीच तो. बाजारानं ठेवलेलं नाव आहे. का ठेवलं? तर माझी शिवण उसवत नाही म्हणून. सीट झिजेल, रेग्झिन तडकेल, गाडी भंगारात जाईल, पण टाका जागचा हलायचा नाही. पैजा लागायच्या इथे. दोन दोन माणसं दोन टोकांना धरून ओढायची, चामडं फाटायचं शेजारून, शिवण तशीच. आम्ही हसायचो. फार हसायचो.

तुम्हाला काय वाटतं, त्या सीटच्या कुशीत काय आहे? उशी? फुगा? सगळ्यांना तसंच वाटतं. 'एअरबॅग' शब्दच मेला मऊ आहे. उशी नाही हो ती, गुद्दा आहे गुद्दा — आपल्या बाजूनं मारलेला, एवढाच फरक. गाडी आदळली — ब्रेक दाबला तर नाही, खड्ड्यात गेली तर नाही, खरीखुरी आदळली — की आतल्या सेन्सरला कळतं, तो डबीला कळवतो, डबी ठिणगी टाकते, गॅस सुटतो, पिशवी भरते. किती वेळात? आता तुमची पापणी लवली ना, तेवढ्यात समोरची पिशवी भरून, तुमचं तोंड तिच्यात जाऊन, मागच्या भोकांतून ती रिकामीसुद्धा व्हायला लागली. आणि ही बाजूची? हिला तेवढाही वेळ नाही. समोर निदान इंजिन आहे, बॉनेट आहे, चेपायला हात-दोन हात जागा आहे. बाजूला काय आहे? दार. दार आणि तुमची बरगडी यांच्यात किती अंतर, बसून हात घाला एकदा — वीतभरसुद्धा नाही. तेवढ्यात तिला शिरायचंय. म्हणून तिला सीटमध्येच घडी घालून ठेवतात, दाराच्या अंगाला, आणि ती बाहेर येते कुठून — शिवणीतून. हं. आता आली की नाही माझ्या धंद्याची गोष्ट? कंपनी त्या जागेची शिवण मुद्दाम कच्ची ठेवते. दोराच वेगळा. मोजूनमापून अशक्त केलेला. तुमच्या बसण्याउठण्यानं तुटायचा नाही, पण पिशवीनं आतून धक्का दिला की पहिल्या झटक्याला तुटलाच पाहिजे. म्हणजे बघा, अख्ख्या गाडीत एकच शिवण अशी, की फाटणं हेच तिचं काम. आणि आम्ही काय करतो? वरून खोळ चढवतो आणि ती जागा पक्क्या दोऱ्यानं गच्च शिवून टाकतो. दुहेरी. का? तर छान दिसतं.

— समोरचा शिवून देतो? देईल की. तासाभरात देईल, वर स्टिअरिंगची खोळ फुकट चढवेल. त्याच्या दुकानाबाहेर रांग आहे, माझ्याकडे तुम्ही एकटे आहात, हे मला इथे बसून दिसतंय. मी अडवत नाही. दोन वर्षांत अडवून किती थांबले विचारा. — विचारा ना. एकही नाही. ऐकतात, मान डोलावतात, 'काका, बरं झालं सांगितलंत' म्हणतात आणि गाडी वळवून समोर लावतात. मी इथून बघतो. तुम्हीही तेच कराल, हरकत नाही. पण आलाच आहात तर दोन मिनिटं बसा. चार वाजायला अजून वेळ आहे. चार वाजता माझ्याकडे माणसं यायची आहेत.

ते काय आहे हो तुमच्या गाडीत, पुढच्या सीटवर? तो पाळणा? बाळ किती महिन्यांचं? — पाच. आणि तो पुढे बांधलाय, तोंड मागे करून. म्हणजे तुम्हाला दिसतं, चालवताना बोलता येतं, कळतंय मला. काढा तो आधी तिथून. आत्ता नाही, आत्ता बाळ घरी आहे म्हणताय ना, पण घरी गेल्यावर पहिलं काम ते. त्या पाळण्याची पाठ थेट समोरच्या पिशवीच्या तोंडाशी आलीय. ती सुटली की पाळण्याला मागून गुद्दा, आणि पाळण्यात कोण? नाही, तुम्ही हळू चालवता हे मला मान्य आहे, समोरचा हळू चालवतो का? मूल मागे. बारा-तेरा वर्षांचं होईस्तोवर मागेच, मग रडो, रुसो, आजीकडे तक्रार करो. आणि मांडीवर घेऊन पुढे बसणं तर नाहीच — आईच्या हातांत जोर असतो, खरंय, पण तेवढा नसतो. बाईसाहेब पाय वर ठेवतात का डॅशबोर्डवर? ठेवत असतील तर सांगा, गुडघा तोंडात येईल म्हणावं. तुम्ही छातीपासून स्टिअरिंग वीतभर आणि वर दोन बोटं लांब ठेवा. त्याच्याहून जवळ नको. पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवू नका, पट्टा माणसाला जागेवर धरतो तेव्हा पिशवी कामाची, पट्टा नसेल तर तुम्हीच त्या गुद्द्यावर जाऊन पडता. आणि चावी फिरवली की लाल दिवा लागतो ना, बसलेल्या माणसाचं चित्र असलेला — तो लागून विझला पाहिजे. विझला नाही तरी वाईट, लागलाच नाही तर त्याहून वाईट. गाडी दुरुस्तीला न्यायची, तिथल्या पोराला 'बल्ब काढून टाक' नाही सांगायचं. काय बघताय? खोळ शिवणारा माणूस आणि एवढं बोलतो? दोन वर्षं हेच वाचतोय. पूर्वी नव्हतो वाचत. पूर्वी गाडीबरोबर येणारं पुस्तक मी सीटखालून काढून आरशापाशी ठेवायचो, मळू नये म्हणून. उघडायचो नाही.

एक कारागीर होता. माझ्या ओळखीचा. ऐकायचंय? लांबड नाही लावत. चांगला होता हाताचा, म्हणजे लोक म्हणायचे तसं. एकुलती एक मुलगी, ठकी म्हणायचा तिला, मोठी झाली, लग्न झालं, मूल झालं तरी ठकीच. तिनं स्वतःच्या कमाईची पहिली गाडी घेतली. फिकट निळी. गाडी कंपनीतून निघाली ती घरी न जाता आधी बापाच्या दुकानात आली, म्हणजे बघा, तिला किती कौतुक. आणि याला तर काय — हा आठवडाभर आधीपासून चामडं निवडत होता. रेग्झिन नाही, चामडं. दुकान बंद ठेवलं त्यानं तीन दिवस. गिऱ्हाइकं परत पाठवली. मापं घेतली, खडूनं आखलं, कागदाचा नमुना कापला, तो फेकून दुसरा कापला. बॅटरीची तार काढून ठेवली होती, हे मात्र न चुकता — सीटखाली पिशवीच्या तारांचे पिवळे प्लग असतात, त्यांना चालू गाडीत हात लावायचा नसतो, हे त्याला येत होतं. तेवढंच येत होतं. नाही, थांबा. तेवढंच येत होतं असं नाही म्हणता येणार.

तर ती शेजारीच बसली होती, ती तिथे, दाराच्या उंबऱ्यावर, पाय बाहेर सोडून. लहानपणापासूनची जागा तिची, शाळेचा अभ्यास तिथेच करायची, मशीनच्या आवाजात पाठांतर चांगलं होतं म्हणायची. गाडीचं पुस्तक वाचत होती. सगळं वाचायची ती, औषधाच्या बाटलीवरचं पण. वाचता वाचता म्हणाली, बाबा, इथे लिहिलंय सीटवर खोळ घालू नका, घातलीच तर या बाजूला मोकळी ठेवा, तो टॅग दिसला पाहिजे. आणि मी —

पाणी घेता का? माठातलं आहे. मी घेतो.

हो. मी. तुम्हाला कळलंच होतं, तुम्ही मघापासून त्या सीटकडे बघताय. ओळखीचा कारागीर कुठला, माझ्याइतकी ओळख कुणाची आहे मला. काय म्हणालो मी तिला? हसलो. म्हणालो, ठके, कंपनीवाले काहीही लिहितात, त्यांची खोळ खपावी म्हणून लिहितात. म्हणालो, आज फट ठेवली आणि चार महिन्यांत तिथून उसवायला लागली तर बाजार काय म्हणेल? लोखंडी टाक्याच्या पोरीच्या गाडीत उसवलेली सीट! ती म्हणाली, पण बाबा, लिहिलंय ना. आणि मी म्हणालो, बापाची शिवण आहे ती, पुस्तकातली नाही. — 'बरं, तुम्ही म्हणाल तसं.' एवढं म्हणाली आणि पुस्तक मिटलं. त्या तिच्या 'बरं'वर जगतोय मी, साहेब. दुसऱ्या कुणाशी घातला असता तसा वाद घातला असता माझ्याशी तर… घालायची ती वाद, दुकानदारांशी, मास्तरांशी, नवऱ्याशी. माझ्याशी शिवणीवरून नाही घातला. तिला वाटलं, शिवणीतलं बाबाला कळतं. टॅग मी माझ्या हातानं कापला. ती छोटी कात्री आहे ना खिळ्याला, तिनं. आत दाबला तर फुगवटा येतो, म्हणून कापला. आणि त्या बाजूला तिहेरी टाके घातले. गिऱ्हाइकाला दुहेरी घालतो. तिला तिहेरी.

चौक होता. सकाळ होती, ऊन होतं, रस्ता कोरडा, चूक तिची नव्हती. ट्रक बाजूनं आला, तिच्या दारावर. पट्टा लावलेला होता. मूल मागे होतं, त्याच्या खुर्चीत बांधलेलं, त्याला कपाळावर एवढंसं लागलं, दोन टाके. डॉक्टरांनी घातलेले. माझी नात आता सहाची आहे.

पंचनाम्यात काय लिहिलं माहितेय? बाजूची पिशवी उघडली नाही. बाहेर दिसली नाही, म्हणून उघडली नाही. जावई तेच धरून बसला. बिचारा, त्याला काहीतरी धरायला हवं होतं. गाडी बनवणाऱ्यांवर दावा लावला त्यानं, पत्रांवर पत्रं, वकील, तारखा — पिशवी फुटलीच नाही, सदोष माल दिला, माझी बायको मारली. दोन वर्षं तो माणूस त्याच्या जोरावर सकाळी उठतो. भंगारवाल्याच्या अंगणातून ती सीट त्यानं सोडवून आणली, ताडपत्रीत गुंडाळून, आणि कुठे ठेवली? माझ्याकडे. म्हणाला, बाबा, तुमच्याइतकी कोण सांभाळेल. त्या दिवशी तो गेल्यावर मी ताडपत्री सोडली. बघा. या इकडे, बघा, आता काय लपवायचंय. ही बाजू कशी सुजलीय, गालफडात दाढ ठणकावी तशी. हात फिरवा. लागतंय ना आत, गोळा झालेलं कापड? फुटली होती हो पिशवी. वेळेवर फुटली. कंपनीच्या खोळीतून, त्यांच्या त्या कच्च्या दोऱ्यातून बाहेर आली — आणि माझ्या चामड्याला येऊन अडकली. तिहेरी टाके. एक उसवलेला नाही. मोजलेत मी. तिच्यापासून दोन बोटांवर. दोन बोटं!

कुणाला सांगितलं? कुणाला नाही. घरात हिला नाही. ही म्हणते, मशीन विकून टाका आता, आवाज सहन होत नाही — मी म्हणतो बघू. जावयाला नाही. जावई दर रविवारी नातीला इथे सोडतो, ती त्या उंबऱ्यावर बसते, आईच्या जागेवर, आणि चित्रं काढते. परवा मला विचारते, आजोबा, आईची पिशवी का नाही आली? बापाकडून ऐकलेलं. मी काय सांगितलं असेल? सांगितलं की कधी कधी नाही येत, बाळा. पोरीला मी खोटं सांगितलं, तिच्या आईच्या जागेवर बसलेली असताना. खरं कळल्यावर जावई तिला इथे सोडेल का? तुम्ही सोडाल? नाही ना. मीही नाही सोडणार. म्हणजे बघा, माझ्याकडे काय उरलंय — रविवारचे तीन तास.

आणि आज चार वाजता तो येतोय. एकटा नाही, कोर्टानं नेमलेला तपासनीस घेऊन. सीट न्यायची, उघडायची, पिशवी का फुटली नाही ते लिहून द्यायचं. जावई काल फोनवर किती खुशीत होता म्हणून सांगू — खुशीत म्हणजे, दोन वर्षांनी त्याचा आवाज जरा वर होता. 'बाबा, आता सुटतंय बघा सगळं.' मी म्हणालो, हो. या.

खिळ्याचं ते ब्लेड बघताय? आठ दिवस रोज हातात घेतोय. उसवणं मला शिवण्याइतकंच येतं. दीड वीत शिवण, तिहेरी, फार तर दहा मिनिटांचं काम. उसवली, पिशवी जराशी बाहेर ओढली, चामड्याला इकडे तिकडे ताण दिला की झालं — मग कोण म्हणेल लोखंडी टाक्यानं अडवलं? रोज बसलो. रोज ब्लेड टाक्याखाली घातलं. कापलेला दोरा आणि तुटलेला दोरा वेगळा दिसतो, साहेब, धंद्यातल्या माणसाला लांबूनही कळतं, कापलेल्याचं टोक साफ असतं, तुटलेल्याचं पिंजतं. पण म्हणून थांबलो असं नाही. त्या तपासनिसाला कुठलं कळतंय, कदाचित नसतंच कळलं. मग का थांबलो? तेच तर मला… ठकीसाठी मी शेवटचं शिवलेलं आहे ते. तिच्यासाठी लहानपणी झबलं शिवलं ते पहिलं आणि हे शेवटचं. ते उसवायचं म्हणजे — आणि उसवायचं तर तेव्हाच उसवायला हवं होतं ना. ज्या सकाळी उसवायची होती त्या सकाळी उसवली नाही, ती आता ब्लेडनं उसवून कुणाला दाखवू?

काय वाजले? — पावणेचार. हे असं होतं बघा, तुम्ही खोळ शिवायला आलात आणि मी बसवून ठेवलं. का सांगितलं तुम्हाला? तुमची ओळख नाही म्हणून सांगितलं. आणि तो पाळणा दिसला म्हणून. आता उठा. समोर जायचं तर जा, मी बघणार नाही, तोंड फिरवून बसेन. पण शिवताना तिथे उभे राहा, एवढं करा, आणि त्याला म्हणा ती बाजू मोकळी ठेव. तो हसेल. म्हणेल, माझी शिवण आहे. तेव्हा 'बरं' म्हणू नका. वाद घाला. भांडा त्याच्याशी, आवाज चढवा, गाडी तशीच उघडी घेऊन निघून या — पण 'बरं' म्हणू नका.

आले वाटतं. हो, त्याचीच गाडी, दार लागताना करकरतं. लवकर आले. ते ब्लेड द्या इकडे… नको, राहू दे तिथेच खिळ्याला. तुम्ही निघा. — या, या जावईबापू. नाही, गिऱ्हाईक होतं, चाललेच आहेत ते. नमस्कार साहेब, तुम्ही तपासणीचे का? हो, हीच. ताडपत्री मीच काढली. न्या. सही कुठे करायची ते सांगा. नाही, मी काही हात लावलेला नाही, जशी आली तशी आहे. दोघांनी धरा, जड आहे. कुठूनही धरा हो… त्या बाजूनं धरलंत तरी चालेल, शिवणीला धरून उचला. उसवायची नाही ती.